आधी कुठे कामाला होतात?

आंबिवली स्टेशनवर उतरून मोहन्याकडे निघालं, की एनआरसीचा विषय निघतोच. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनच्या या कारखान्यात अर्धशतकाहून अधिक काळ व्हिस्कोज रेयॉनचा धागा आणि टायर कॉर्ड तयार झाली. २००९ साली कारखाना बंद पडला. कामगारांची थकलेली देणी, वसाहतीतली घरं, जमिनीचा व्यवहार यांवर तेव्हापासून पुष्कळ बोललं गेलं. या धाग्याचा माणसाच्या हृदयाशी असलेला संबंध मात्र बोलण्यात क्वचितच येतो. तो संबंध शास्त्राने कधीच सिद्ध केला आहे आणि ज्या गावात घरटी एक रेयॉन कामगार होता, त्या गावाला तो ठाऊक असायलाच हवा. त्यासाठी आधी हृदय कसं चालतं ते पाहू.

हृदय म्हणजे छातीच्या मध्यावर, जरा डावीकडे कललेला, मुठीएवढा आणि साधारण ३०० ग्रॅम वजनाचा स्नायू. त्याला चार कप्पे असतात. उजवी बाजू शरीरभर फिरून आलेलं, प्राणवायू खर्च झालेलं रक्त फुप्फुसांकडे धाडते. डावी बाजू तिथून प्राणवायू घेऊन परतलेलं रक्त महाधमनीत ढकलते. रक्त उलटं फिरू नये म्हणून चार झडपा आहेत. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून ऐकतात तो ‘लब-डब’ आवाज या झडपा मिटतानाचा. एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडतं, मिनिटाला ७० ठोके धरले तर जवळपास ५ लिटर. दिवसाचे ठोके भरतात सुमारे एक लाख.

ठोक्याचा हुकूम मेंदूकडून येत नाही. मेंदू फक्त वेग कमी-जास्त करतो. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात काही विशेष पेशींचा पुंजका असतो, तिथून विजेची बारीक लहर निघते. ती वरचे कप्पे आकुंचित करते, मध्ये क्षणभर रेंगाळते आणि मग खालच्या कप्प्यांत पसरते. त्या क्षणभराच्या उशिरामुळेच वरचे कप्पे रिकामे होऊन खालचे भरतात. कार्डिओग्रामच्या गुलाबी कागदावर उमटतो तो याच लहरीचा आलेख.

आता खरी नाजूक जागा. हृदयातून दिवसभर एवढं रक्त वाहतं, पण त्यावर हृदयाचं स्वतःचं पोट भरत नाही. त्याला रक्त पुरवतात त्या हृदरोहिण्या. महाधमनी जिथे सुरू होते तिथेच तिला या दोन शाखा फुटतात आणि हृदयाच्या बाहेरून पसरत जातात. मुळाशीही त्यांची रुंदी जेमतेम तीन-चार मिलिमीटर. डावा खालचा कप्पा आवळला जातो तेव्हा त्याच्या स्नायूतल्या बारीक नळ्याही दाबल्या जातात. त्यामुळे त्या स्नायूला बहुतेक रक्त मिळतं ते दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात. शिवाय हृदय स्वस्थ असतानाही आलेल्या रक्तातला ७० टक्क्यांच्या आसपास प्राणवायू काढून घेतं. शिल्लक फारशी ठेवतच नाही. म्हणून काम वाढलं की जादा रक्त आणण्यावाचून त्याला दुसरा मार्ग उरत नाही.

आंबिवलीकरांना हे स्टेशनच्या पुलावर समजून घेता येईल. एल्फिन्स्टन रोड स्टेशनवरच्या चेंगराचेंगरीनंतर लष्कराने मुंबई परिसरात तीन पादचारी पूल उभारले, त्यांतला एक आंबिवलीचा, २०१८ साली खुला झालेला. जिना चढू लागलं की पायांचे स्नायू जास्त रक्त मागतात आणि ठोके वाढतात. ठोके वाढले की विसाव्याचा वेळ आखडतो. म्हणजे हृदयाची गरज वाढते नेमक्या त्याच वेळी त्याला रक्त मिळण्याची सवड कमी होते. हृदरोहिण्या निरोगी असतील तर त्या रुंदावून ही भरपाई करतात. पण आतून चरबीचे थर साचून एखादी ७० टक्के अरुंद झाली असेल, तर छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं, दम लागतो, डावा हात किंवा जबडा भरून येतो. दोन मिनिटं थांबलं की बरं वाटतं. याला अंजायना म्हणतात. गेल्या वर्षी एका दमात चढता येणारा जिना यंदा थांबत थांबत चढावा लागत असेल, तर वयाला बोल लावून सोडून देऊ नये. डॉक्टरांना दाखवावं.

या नळ्या अरुंद का होतात? बावन्न देशांतल्या रुग्णांचा ‘इंटरहार्ट’ हा मोठा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. तंबाखू-धूम्रपान, बिघडलेलं कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, सुटलेलं पोट, मनावरचा ताण, दारू, फळं-भाज्यांची कमतरता आणि व्यायामाचा अभाव या नऊ गोष्टींत पहिल्या हार्ट अटॅकचा सुमारे ९० टक्के धोका सामावतो, असा त्याचा निष्कर्ष होता. आपल्या उपखंडातल्या माणसाला पहिला अटॅक ५३ च्या आसपास येतो, इतर देशांत ५९ च्या, हेही त्यातच दिसलं.

पण या यादीत नसलेलं एक कारण आंबिवलीच्या जवळचं आहे. रेयॉन तयार करताना लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवतात आणि मग त्यावर कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करतात. लगद्याचा नारिंगी चुरा होतो. तो सौम्य कॉस्टिकमध्ये विरघळवला की मधासारखा दाट रस मिळतो, तेच व्हिस्कोज. स्पिनिंग खात्यात हा रस बारीक छिद्रांतून गंधकाम्लाच्या हौदात सोडला की धागा धरतो. त्याच वेळी रसातलं कार्बन डायसल्फाइड पुन्हा मोकळं होऊन हवेत येतं. हा द्रव ४६ अंशांनाच उकळतो, इतका उडून जाणारा. जोडीला सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइडही असतो.

ब्रिटनमधल्या रेयॉन कारखान्यांच्या कामगारांचे मृत्यूचे दाखले तपासून टिलर, शिलिंग आणि मॉरिस यांनी १९६८ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. प्रत्यक्ष व्हिस्कोजच्या प्रक्रियेत काम करणाऱ्यांत हृदयविकाराने मेलेल्यांचं प्रमाण त्याच कारखान्यांतल्या इतर कामगारांपेक्षा बरंच जास्त निघालं. त्याच सुमारास फिनलंडमध्ये डॉ. स्वेन हर्नबर्ग आणि सहकाऱ्यांनी ३४३ रेयॉन कामगार आणि तितकेच कागद गिरणीचे कामगार निवडून वर्षानुवर्षं त्यांचा माग ठेवला. पहिल्या पाच वर्षांतच हृदयविकाराच्या मृत्यूंमधला फरक उघड झाला. मग १९७२ साली हवेतल्या कार्बन डायसल्फाइडची मर्यादा निम्म्यावर आणली, फार धोक्यात असलेल्या कामगारांना दुसऱ्या खात्यांत हलवलं, आणि पुढच्या दहा वर्षांत तो जादा धोका ओसरत गेला. मला या गोष्टीचा हा शेवट फार मोलाचा वाटतो. कारण कळलं, हवा सुधारली आणि माणसं वाचली.

आपल्या देशातही कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत कार्बन डायसल्फाइडची विषबाधा नोंदवणं बंधनकारक असलेल्या रोगांत होती. हे सारं कोणत्या एका कारखान्यावर ठपका ठेवण्यासाठी सांगत नाही. हा या उद्योगाचा जगभरचा अनुभव आहे. एनआरसीत तरुणपणी पाळ्या केलेला माणूस आज साठी-सत्तरीत आहे. कारखान्याची हवा सुटून त्याला दीड दशक झालं, तेव्हा आज त्याचा मोठा धोका रक्तदाब, साखर आणि तंबाखूचाच. पण कामाची वर्षं कमी लेखून चालणार नाही. कार्बन डायसल्फाइड रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल वाढवतं, आणि मज्जातंतूंनाही इजा करतं. स्पिनिंगमध्ये वीस वर्षं काढलेल्या माणसाचा रक्तदाब थोडा वर गेला असेल, तरी डॉक्टरांनी तो जास्त गांभीर्याने घ्यायला हवा.

अंजायना हा इशारा. हार्ट अटॅक हा त्याच्या पुढचा टप्पा. हृदरोहिणीतल्या चरबीच्या थराला तडा जातो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि नळी बंद होते. पुढचा स्नायू साधारण वीस-तीस मिनिटांपासून मरू लागतो, आणि मेलेला स्नायू पुन्हा भरून येत नाही. म्हणून इथे मिनिटांना किंमत आहे. ही मिनिटं सर्वांत जास्त वाया जातात घरातच. ‘काही नाही, गॅस झालाय,’ म्हणत सोडा प्यायला जातो, ओवा चावला जातो, पाठ चोळली जाते. मधुमेही, वृद्ध आणि बायका यांच्यात तर छातीत कळ न येता नुसता घाम, मळमळ, जीव घाबरा होणं एवढंच असू शकतं. अशी लक्षणं दहा-पंधरा मिनिटांत ओसरली नाहीत, की रात्र असो वा पहाट, १०८ ला फोन लावायचा. पेशंटला पूल चढवून लोकलने कल्याणला न्यायचं नाही, एक पायरीसुद्धा चढू द्यायची नाही. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर डॉक्टरांना फोनवर विचारून ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला द्यावी. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी जितकी लवकर, तितका स्नायू वाचतो. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही बसतात. त्याची कागदपत्रं आणि योजनेतल्या जवळच्या रुग्णालयाचं नाव घरात आधीपासून तयार असावं.

हृदय अचानक बंद पडणं ही वेगळी गोष्ट. अटॅकमध्ये नळी तुंबते, कार्डियाक अरेस्टमध्ये विजेची लय कोसळते आणि माणसाची जागीच शुद्ध हरपते. हाक मारून उत्तर नाही, श्वास नीट नाही, तर छातीच्या मध्यावर दोन्ही तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब द्यायला लागायचं आणि मदत येईपर्यंत थांबायचं नाही.

बाकीचे आजार सावकाश येतात. हृदयाची ताकद घटली तर संध्याकाळी पाय सुजतात, आडवं पडलं की दम लागतो, उशाला दोन उश्या लागतात. हे हार्ट फेल्युअर. वरच्या कप्प्यांची लय विस्कटली तर नाडी अनियमित धावते, आत गुठळ्या धरतात आणि त्या मेंदूत गेल्या तर पक्षाघात होतो. लहानपणी घशाच्या एका जिवाणूच्या संसर्गाकडे दुर्लक्ष झालं तर संधिवाताच्या तापातून झडपा खराब होतात. म्हणून मुलाचा घसा वारंवार दुखत असेल तर औषध अर्ध्यावर सोडू नये.

या सगळ्यातून एक साधी मागणी निघते. मोहने-आंबिवली पट्ट्यातल्या दवाखान्यांत केसपेपर काढताना नाव, वय, पत्ता लिहून घेतात. त्याखाली आणखी एक ओळ हवी : आधी कुठे कामाला होतात, कोणत्या खात्यात, किती वर्षं? त्यासाठी नवीन यंत्र लागत नाही, पैसाही लागत नाही. महापालिकेने आपल्या आरोग्य केंद्रांपासून सुरुवात करावी. आणि डॉक्टरांनी विचारलं नाही, तर एनआरसीच्या माणसाने आपण होऊन सांगावं. रक्तदाब, साखर आणि कार्डिओग्रामच्या शेजारी त्याच्या आयुष्यातली ती कामाची वर्षंही लिहिलेली असली, तर त्याच्यावरचे उपचार अधिक नेमके होतील.