एक काडतूस, दोन शस्त्रे

सणासुदीच्या बंदोबस्तात अधिकाऱ्याच्या कमरेला पिस्तूल आणि शेजारच्या जवानाच्या खांद्याला आखूड कार्बाइन दिसली, की ‘ती छोटी एके-४७’ असे सहज म्हटले जाते. हा समज चुकीचा आहे.

जुनी ९ मिमी स्टर्लिंग कार्बाइन (आखूड नळीची, खांद्याला टेकवून चालवायची बंदूक) आणि ९ मिमी ब्राउनिंग पिस्तूल यांचे काडतूस एकच, ९×१९ मिमी. रिमोट आणि भिंतीवरचे घड्याळ एकाच पेन्सिल सेलवर चालावे, तसेच हे. त्यामुळे दारूगोळ्याचा साठा, वाटप आणि हिशेब सोपा होतो.

मॅगझिन (काडतुसांची पेटी) मात्र एकमेकांत बसत नाही. पिस्तुलात १३ काडतुसे मावतात, स्टर्लिंगच्या बाकदार पेटीत तीसच्या वर.

कार्बाइनची नळी पिस्तुलाच्या नळीपेक्षा लांब असल्याने गोळीचा वेग थोडा वाढतो; तो सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास असतो. एके-४७ च्या गोळीचा वेग ७०० मीटरहून अधिक. कार्बाइनचा खरा फायदा नेमकेपणाचा: दस्ता खांद्याला टेकतो, दोन्ही हातांची पकड मिळते आणि नेम स्थिरावतो.

प्रत्येक कार्बाइन पिस्तुलाचे काडतूस वापरते, असेही नाही. भारतीय बनावटीची जेव्हीपीसी कार्बाइन ५.५६×३० मिमीचे स्वतंत्र काडतूस घेते.

९ मिमी हा भारतात ‘प्रतिबंधित बोअर’ (सामान्य परवान्यावर न मिळणारा व्यास) आहे. म्हणून ही जोडी येथे मुख्यतः सुरक्षा दलांकडेच दिसते.