शोभेची मागची बाजू

सतारवादकाची नखी बोटात घट्ट रुतून बसते. गिटारचे पिक मात्र अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत नुसत्या दाबावर टिकते. हाताला घाम आला की ते आधी फिरते, मग निसटते, आणि गाणे काही कुणासाठी थांबत नाही. जादा पिक वाद्यावरच हवे, ही गरज त्यामुळे खरी आहे. ‘खिशात ठेवा की’ म्हणणाऱ्याने बसून वाजवताना, मांडीवर गिटार असताना, जीन्सच्या खिशातून एका हाताने पिक काढून दाखवावे. या गरजेला बाजाराने दिलेली उत्तरे देखणी आहेत: पानाफुलांच्या नक्षीची लाकडी घरे, पितळी चिमट्या, मणी ओवलेले कातडी खिसे, चकचकीत रेझिनच्या डब्या. त्यांची छायाचित्रे बहुतेक पुढून काढलेली असतात. पण अशा वस्तूची पारख पाठीकडूनच करायला हवी. ती वाद्याला किती घट्ट धरते हे तर पाहावेच. त्याआधी, सोडताना मागे काही ठेवते का, हे पाहावे.

कारण गिटारवरचे पॉलिश सगळीकडे सारखे नसते. गिब्सन आणि मार्टिन यांच्या बऱ्याच गिटारांवर आजही नायट्रोसेल्युलोज लॅकर असते. हे लॅकर थिनर उडून गेल्यावर सुकते, पण रासायनिकदृष्ट्या कधीच पुरते ‘पक्के’ होत नाही. थिनर लागला की पुन्हा विरघळते. मऊ व्हिनाइल आणि काही रबरांमध्ये लवचीकपणासाठी तेलकट द्रव्ये मिसळलेली असतात. ती हळूहळू बाहेर झिरपतात आणि लॅकरला मऊ, चिकट करून टाकतात. रबरी स्टँडवर महिनोन्‌महिने उभ्या केलेल्या गिटारच्या मानेवर उमटणारे काळपट वळ याच कारणाचे. शोभेच्या डबीमागचा फोम किंवा सक्शन कप असाच मऊ असेल, तर तो नेमके हेच करणार, आणि तेही दर्शनी भागावर. फ्रेंच पॉलिश केलेल्या क्लासिकल गिटारची गोष्ट आणखी नाजूक. मिरजेच्या सतारींवर चढते तसेच हे लाखेचे पॉलिश. त्याला स्पिरिटचा बोळा लागला तरी पुरे.

वाद्यावर लावलेली शोभा वाद्यालाच कशी भोवते, याचा सगळ्यात बोलका पुरावा खुद्द निर्मात्यांनी ठेवला आहे. मार्टिनच्या जुन्या अकूस्टिक गिटारांचा पिकगार्ड (पिकच्या ओरखड्यांपासून फळी वाचवणारा पातळ तुकडा) सेल्युलॉइडचा असे आणि तो पॉलिशच्या आधी थेट उघड्या लाकडावर डिंकाने बसवला जाई. सेल्युलॉइड वयानुसार आकसते. लाकूड त्याच्याबरोबर आकसत नाही. परिणाम असा, की पिकगार्ड कडेने उचलला गेला किंवा वरची फळीच तंतूंच्या दिशेने चिरली. दुरुस्ती करणाऱ्यांना ही चीर इतकी ओळखीची, की तिला पिकगार्डचेच नाव पडले. १९८०च्या दशकात कंपनीने पद्धत बदलली आणि पिकगार्ड पॉलिशच्या वर चिकटवायला सुरुवात केली. उत्तम कारागिरांनी, उत्तम डिंकाने, शंभर टक्के सदिच्छेने केलेले काम होते ते. चूक एकच: दोन वेगळ्या स्वभावांचे पदार्थ एकमेकांना कायमचे बांधले.

यावर लगेच येणारा आक्षेप असा, की आज बहुसंख्य गिटारांवर, विशेषतः दहा-पंधरा हजारांच्या, पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनचा कडक थर असतो. त्याला व्हिनाइल काही करत नाही. हे बरोबर आहे. पण पारदर्शक थरातून उजेड आत जातोच. स्प्रूसची फळी वर्षागणिक पिवळसर-मधाळ होत जाते आणि झाकलेला भाग पांढुरका राहतो. जुना पिकगार्ड काढल्यावर खाली त्याची फिकट आकृती दिसते ती म्हणूनच. मॅट पॉलिशवर तर डिंकाचा राप घासून काढताना तेवढीच जागा तुकतुकीत होते. कोकणातल्या पावसाळ्यात आणि मेमध्ये बंद गाडीत हा डिंक ओघळतो, सरकतो, धूळ धरतो. मग घरातले नेलपॉलिश रिमूव्हर हाताशी येते. नेलपॉलिशमध्येही नायट्रोसेल्युलोजच असते, त्यामुळे गिटारवर तेच लॅकर असेल तर डागासकट पॉलिशही निघते.

दुसरा आक्षेप नादाचा: अशा वस्तूने गिटारचा आवाज दबतो. त्यात थोडे तथ्य आहे, पण जागा पाहून. अकूस्टिक गिटारची वरची फळी जेमतेम तीन मिलिमीटरची, आणि तारांचा सुमारे सत्तर किलोंचा ताण झेलत तीच थरथरते. ब्रिजजवळ तिच्यावर काही चिकटवू नये. हेडस्टॉकवरच्या काही ग्रॅमचा मात्र बाऊ करण्याचे कारण नाही. तिथे क्लिपचा ट्यूनर निमूट बसतोच. खरा त्रास खुळखुळण्याचा. सैल पिक विशिष्ट स्वराला झणझणते आणि वाजवणारा बिचारा फ्रेट तपासत बसतो.

म्हणून मला गिटारच्या खांद्यावरच्या पट्ट्याला लावलेला कातडी खिसा सर्वांत शहाणा वाटतो. बॉडीला तो डिंकाने धरतच नाही. पण तो नीट बनवणे सोपे नाही. नेहमीच्या आकाराचे पिक साधारण तीस मिलिमीटर उंच आणि सव्वीस रुंद. पुढचे आणि मागचे कातडे यांच्यामध्ये इंग्रजी ‘यू’च्या आकाराची तिसरी पट्टी घालतात, तिची जाडी म्हणजे खिशाची खोली. तीन पिके मावायला दोन मिलिमीटर पुरतात, पण कातडे वापराने सैलावते, म्हणून पट्टी किंचित पातळच ठेवावी लागते. वरच्या काठाला अंगठ्यापुरती अर्धचंद्राकृती खाच हवी, म्हणजे पिकचा वरचा भाग उघडा राहतो आणि न बघता ओढता येतो. मेणाचा दोरा मागच्या बाजूला कोरलेल्या चरीत बसवायचा, रिव्हेटचे डोके आतल्या थराखाली लपवायचे, मणी-घुंगरू फक्त पुढे. रंग पक्का हवा. घामाने सुटलेला लाल रंग फिकट गिटारवर उतरला, तर सगळी खबरदारी वाया. नटच्या पलीकडे तारांमध्ये पिक खोचण्याचा फुकटचा उपायही वाईट नाही, फक्त वाजवणाऱ्या हातापासून तो फार लांब पडतो.

काही जण म्हणतील, गिटार वापरायची वस्तू आहे, डाग पडले तर पडले. अमेरिकी गायक विली नेल्सनच्या ‘ट्रिगर’ या मार्टिन गिटारला वाजवून वाजवून भोकच पडले आहे आणि ते लोकांना प्रिय आहे. खरे आहे; पण ते भोक हाताने पाडले आहे. फोमच्या चौकोनी डागात कुणाच्या वाजवण्याचा अंश नसतो. हातकाम करणारे विक्रेते पुढचे लाकूड शिसवी की सागवान हे हौसेने सांगतात. पाठीला लोकरी नमदा आहे की फोम, डिंक कोणता, एवढी एक ओळ पाकिटावर छापायला फार जागा लागत नाही. ती नसेल तर विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर ती वस्तू हेडस्टॉकच्या मागच्या बाजूला, कुणाला न दिसेल अशा जागी, आठवडाभर लावून पाहावी.