नव्या बंदुकीवर जुना नेम

जुनी कला टिकवायची म्हणजे तिची जुनी अवजारेच वापरली पाहिजेत काय, हा प्रश्न संगीतात निघतो, कुस्तीत निघतो, आणि नेमबाजीतही निघतो. आज आम्ही त्याचा विचार ‘श्युत्सेन’ नेमबाजीच्या निमित्ताने करणार आहोत.

श्युत्सेन म्हणजे जर्मनभाषी मुलखातील नेमबाज. गावोगावी त्यांचे संघ असत व वर्षाचा मेळा भरे. स्वित्झर्लंडमध्ये १८२४ साली आराऊ येथे पहिला राष्ट्रीय मेळा भरला. पुढे जर्मन स्थलांतरितांनी हा खेळ अमेरिकेत नेला. तेथे त्याला एक ठराविक रूप आले. अंतर २०० यार्ड, म्हणजे सुमारे १८३ मीटर. नेमबाजाने कशाचाही टेकू न घेता उभ्याने बार काढायचा. लक्ष्यावर वर्तुळे आखलेली आणि मधल्या वर्तुळाचे गुण २५. बाजूला वाद्ये वाजत, बायकामुलांसह पंगती उठत. १९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली, जर्मन नावाचा द्वेष बळावला, आणि हे वैभव ओसरले. ओसरलेल्या या कलेला पुन्हा आधार मिळाला तो १९४८ साली स्थापन झालेल्या अमेरिकन सिंगल शॉट रायफल असोसिएशनचा.

या खेळाची बंदूक एकबारी असते. एक काडतूस भरावे, एक बार काढावा, पुन्हा भरावे. तिची रचना मोठी सुबक. खालचा दांडा ओढला की नळीच्या मागील पोलादी ठोकळा सरळ खाली उतरतो व तोंड उघडते. दांडा वर केला की ठोकळा नळीचे तोंड घट्ट बंद करतो. शार्प्स यांनी १८४८ साली, स्कॉटलंडच्या फार्कुहार्सन यांनी १८७२ साली आणि ब्राउनिंग यांनी १८७९ साली अशा रचनांची पेटंटे घेतली. हॅरी पोप या कारागिराच्या नळ्या तर नेमबाज जपून ठेवीत. पोपच्या पद्धतीत दारूचे काडतूस मागून घालीत आणि शिशाची गोळी मात्र नळीच्या तोंडातून आत ढकलीत. त्यामुळे गोळीच्या बुडाची कड साफ राही. बुडाची कड वाकडी झाली की गोळी भरकटते, हे त्याने ओळखले होते.

आता अडचण पाहा. अशा अस्सल बंदुका थोड्या उरल्या आहेत. त्या रोज झिजवाव्यात, की कपाटात ठेवून खेळच सोडावा? यावर नेमबाजांनी तिसरी वाट काढली. १९६७ साली बाजारात आलेली रुगर कंपनीची ‘नंबर वन’ ही एकबारी रायफल फार्कुहार्सनच्या रचनेवरून स्फुरलेली आहे. तिच्यासारखी नवी बंदूक घेऊन जुन्या खेळास जुळवून घ्यावी.

जुळवायचे काय? प्रथम नळी. नव्या नळीतून बहुधा तांब्याचे आवरण असलेली गोळी भरधाव सोडतात. शिशाची उघडी गोळी त्या वेगाने सोडली तर शिसे नळीत चिकटते व नेम बिघडतो. म्हणून जड नळी बसवितात आणि तिचे आटे शिशाच्या गोळीला मानवतील असे ठेवतात. जुन्या ३२-४० काडतुसासाठी ते १६ इंचांत एक फेरा घेत. शिशात थोडे कथील मिसळतात, दारूही बेताची ठेवतात. मग दस्ता. उभ्याने नेम धरताना गाल उंचावर टेकावा लागतो, खांद्याशी बंदूक घसरू नये म्हणून आकड्यासारखी पट्टी लागते आणि डाव्या तळहाताखाली गोल मूठ. तिसरी गोष्ट चाप. दोन चापांपैकी मागचा ओढून यंत्र सज्ज करावे. पुढच्याला बोटाचा नुसता स्पर्श पुरे. शेवटी दृष्टी. पुढे माशी, मागे बारीक छिद्राची उभी पट्टी. ही सारी कामे जाणत्या, परवानाधारक कारागिराचीच. आपल्याकडेही १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्याशिवाय बंदुकीत फेरफार करणे हा गुन्हा आहे.

येथे एक मोह आडवा येतो. नव्या बंदुकीचे पोलाद मजबूत, मग दारू वाढवून वेग का घेऊ नये? पण वेग घेतला की शिसे सोडावे लागते, आणि शिसे सोडले की खेळाचा कसच गेला. दुसरा मोह याहून घातक. अस्सल जुनी बंदूकच कापून ‘सुधारायची’. एकदा ती नळी कापली की तिच्यावरील कारागिराच्या हाताची साक्ष कायमची पुसली जाते. ती कोणत्याही किमतीला परत मिळत नाही. नव्या बंदुकीत केलेला फेरफार मात्र उद्या पुन्हा बदलता येतो.

मग परंपरा राहते कोठे? आमच्या मते ती कसोटीत राहते. दोन पाय जमिनीवर, टेकू नाही, शिशाची एक गोळी, दोनशे यार्डांवरचे वर्तुळ आणि आवरलेला श्वास. ही कसोटी जशीच्या तशी ठेवली, तर अवजार काल घडविलेले असो की शतकापूर्वीचे, त्यापुढे उभा राहणारा माणूस त्याच जुन्या परीक्षेला बसलेला असतो. कसोटी सैल केली, तर जुनी बंदूक हाती असूनही ती नुसती शोभेची वस्तू उरते. आपल्या घरच्या कलांविषयी वाद घालतानाही एवढा भेद आपण ध्यानी ठेवावा, इतकीच आमची विनंती आहे.