मोठ्यांनी सुचवलेलं पुस्तक कपाटात, मैत्रिणीने सुचवलेलं हातात. असं का होतं?

ऑक्टोबर १९३६. लंडनच्या 'अॅलन अँड अन्विन' या प्रकाशन संस्थेकडे ऑक्सफर्डच्या एका प्राध्यापकाचं हस्तलिखित आलं होतं. मुलांसाठीची गोष्ट होती. त्यात ड्रॅगन होता, खजिना होता आणि घरातली ऊब सोडून निघालेला एक छोटासा नायक होता. ती छापायची की नाही, हे ठरायचं होतं.

प्रकाशक स्टॅनली अन्विन यांचं म्हणणं साधं होतं. मुलांच्या पुस्तकाची खरी पारख मुलांनाच असते. त्यांनी ते हस्तलिखित आपल्या १० वर्षांच्या मुलाला, रेनरला वाचायला दिलं. लेखी अभिप्रायाचा मोबदला होता एक शिलिंग.

रेनरने गोष्ट थोडक्यात लिहून दिली. नकाशे असतील तर चित्रांची गरज नाही, असं मत नोंदवलं. आणि ५ ते ९ वर्षांच्या सगळ्या मुलांना ती आवडेल, असा निर्वाळा दिला. म्हणजे १० वर्षांच्या या परीक्षकाने ते पुस्तक सुचवलं ते आपल्याहून 'लहान' मुलांना!

२१ सप्टेंबर १९३७ ला ते पुस्तक बाजारात आलं. प्राध्यापकांचं नाव जे. आर. आर. टॉल्किन आणि पुस्तक 'द हॉबिट'.

एका मुलाने दुसऱ्या मुलाला 'हे वाच' म्हणणं, ही गोष्ट दिसते तितकी किरकोळ नाही. ती कशी चालते आणि मराठी पुस्तकांच्या बाबतीत कुठे अडते, ते पाहूया.

८ ते १२ हेच वय महत्त्वाचं का?

इंग्रजी प्रकाशन व्यवसायात साधारण ८ ते १२ वर्षांच्या वाचकांसाठीच्या पुस्तकांना 'मिडल-ग्रेड' म्हणतात. आपल्याकडे यातली बरीच पुस्तकं 'कुमार साहित्य' किंवा सरसकट 'बालसाहित्य' या नावाखाली येतात.

या वयात वाचनाची पद्धतच बदलते. आधी आई-बाबा किंवा आजी मांडीवर घेऊन वाचून दाखवतात. चित्र मोठं असतं, मजकूर दोन ओळींचा. मग अचानक दीडशे पानांचं पुस्तक समोर येतं. चित्रं कमी, अक्षर बारीक, आणि वाचायचं एकट्याने. अनेक मुलांचं वाचन इथेच सुटतं. अक्षरओळख असते, वेगही असतो, पण दीडशे पानं एकट्याने ओलांडायला काहीतरी कारण लागतं.

'मराठी सुधारेल' हे कारण आई-बाबांना पटतं, मुलाला नाही. 'माझ्या मैत्रिणीने वाचलंय आणि शेवटी काय होतं ते ती सांगत नाहीये' हे कारण मात्र पुरतं.

मुलांच्या शब्दावर चाललेली पुस्तकं

रेनरचं उदाहरण एकटं नाही.

'हॅरी पॉटर'चं पहिलं पुस्तक डझनभर प्रकाशकांनी परत पाठवलं होतं. 'ब्लूम्सबरी'चे प्रमुख नायजेल न्यूटन यांनी सुरुवातीची पानं घरी नेली आणि ८ वर्षांच्या मुलीला, अॅलिसला दिली. तिने ती वाचली आणि पुढची पानं कुठे आहेत म्हणून वडिलांच्या मागे लागली. २६ जून १९९७ ला पुस्तक प्रकाशित झालं. पहिल्या आवृत्तीत पुठ्ठा बांधणीच्या प्रती होत्या फक्त ५००.

त्याआधी १९९२ मध्ये अमेरिकेत 'गूजबंप्स' ही मुलांसाठीची भयकथा मालिका सुरू झाली. लेखक आर. एल. स्टाइन यांनी अनेकदा सांगितलंय की पहिले काही महिने ही पुस्तकं दुकानात पडून होती. मोठी जाहिरात नव्हती. मग मुलांनी मुलांना सांगायला सुरुवात केली आणि खप वाढत गेला. याचं श्रेय ते मुलांच्या आपापसातल्या गुप्त जाळ्याला देतात.

'डायरी ऑफ अ विम्पी किड' तर पुस्तक होण्याआधी, २००४ पासून, मुलांच्या एका वेबसाइटवर रोज थोडं थोडं येत होतं. २००७ मध्ये पुस्तक आलं तेव्हा त्याचा वाचकवर्ग आधीच तयार होता. अर्धं पान कार्टूनचं, म्हणून अनेक मोठ्यांनी त्याला 'खरं वाचन' मानलंच नाही. मुलांनी ते एकमेकांना दिलं.

मुलाच्या सांगण्यात वेगळं काय असतं?

मोठा माणूस पुस्तक सुचवतो तेव्हा बहुतेक वेळा त्यामागे हेतू असतो. संस्कार, शब्दसंग्रह, इतिहासाची ओळख, मोबाइलपासून सुटका. हेतू चांगलाच असतो, पण मुलाला तो लगेच कळतो. पुस्तक हातात यायच्या आधीच त्याचा अभ्यास झालेला असतो.

मुलगा किंवा मुलगी पुस्तक सुचवते तेव्हा समोरच्याला सुधारण्याचा विचार नसतो. 'त्यातला कुत्रा भारी आहे', 'पहिली वीस पानं बोअर आहेत, पण पुढे वाच', 'शेवट मला आवडला नाही' असं ती सांगते. यात पुस्तकाचा दोषही येतो आणि त्यामुळेच कौतुक खरं वाटतं.

दुसरी गोष्ट म्हणजे सुचवणाऱ्याला परत भेटायचं असतं. डब्याच्या सुट्टीत 'कुठपर्यंत आलीस?' असं कोणीतरी विचारणार असतं. वाचन एकट्याने होतं, पण त्यावरचं बोलणं दोघांचं असतं. हे बोलणं आहे म्हणून पुढचं पान उलटलं जातं. मालिकेतली पुस्तकं या वयात एवढी चालतात त्याचं हेही एक कारण आहे. दुसऱ्या भागावर आलेल्याला पहिला भाग संपवलेला श्रोता हवा असतो.

मुलांनी मत दिलेले पुरस्कार

अमेरिकेत १९२२ पासून मुलांच्या पुस्तकांसाठी 'न्यूबेरी' पदक दिलं जातं. ते ठरवतात ग्रंथपाल. पण १९४० मध्ये तिथल्या वायव्य भागात 'यंग रीडर्स चॉइस' पुरस्कार सुरू झाला. कल्पना होती सिअॅटलचे पुस्तकविक्रेते हॅरी हार्टमन यांची. विजेता कोण, हे मुलांच्या मतांनी ठरणार होतं. पुढे कॅन्सससह अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी असे पुरस्कार सुरू केले. अनेक ठिकाणी अट एकच असते. यादीतली ठरावीक पुस्तकं वाचा, मग मत द्या. मतदार व्हायचं म्हणून मुलं वाचतात.

ब्रिटनमध्ये १९८० पासून 'चिल्ड्रन्स बुक अवॉर्ड' दिला जातो. तिथे तर पुस्तकं वाचून पाहण्यापासून अंतिम मतदानापर्यंत कौल मुलांचाच असतो.

अर्थात, मुलांची निवड म्हणजे अंतिम सत्य नाही. मुलं तेच सुचवू शकतात जे त्यांच्यापर्यंत पोहोचलंय. ज्याचं नाव आधीच मोठं आहे तेच आणखी फिरतं आणि कोपऱ्यातलं चांगलं पुस्तक कोपऱ्यातच राहतं. अनेक पुरस्कारांत पहिली यादी ग्रंथपाल किंवा शिक्षक करतात, ती त्यासाठीच. नवं पुस्तक मुलांसमोर आणून ठेवणं हे मोठ्यांचं काम. त्यापुढचा निकाल मुलांचा.

मराठीत अडतं कुठे?

शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या वर्गात डोकावलं तर मुलं एकमेकांना पुस्तकं सुचवताना दिसतात. 'विम्पी किड'चा कोणता भाग कोणाकडे आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ती पुस्तकं इंग्रजी असतात.

मराठी पुस्तक येतं ते वरून. आजोबा वाढदिवसाला देतात, आई पुस्तक प्रदर्शनातून आणते, शाळा बक्षीस म्हणून देते. आणि बऱ्याचदा ते मोठ्यांच्या आठवणीतलं असतं. भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे', ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या', दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे'. ही पुस्तकं आजही वाचावीत अशीच आहेत. फुरसुंगीचा बनेश फेणे २०१७ मध्ये सिनेमातही आला. प्रश्न पुस्तकांचा नाही, सांगणारा कोण आहे याचा आहे. 'आमच्या लहानपणी आम्ही हे वाचायचो' असं म्हटलं की पुस्तक मुलाचं राहत नाही, ते बाबांचं होतं. गंमत अशी की बाबांनी स्वतः ते बहुतेक शेजारच्या मित्राकडून आणलेलं असतं!

याचा परिणाम हळूहळू दिसतो. इंग्रजी ही मैत्रिणीशी गप्पा मारायच्या पुस्तकांची भाषा होते आणि मराठी ही 'वाचायला हवं' असं सांगितलं जाणाऱ्या पुस्तकांची. मुलाला मराठी आवडत नाही असं नसतं. मराठी पुस्तकाबद्दल बोलायला त्याच्या वयाचं कोणी भेटलेलं नसतं.

मराठी माध्यमाच्या, विशेषतः गावातल्या शाळांमध्ये अडचण उलटी असते. तिथे सांगणारी मैत्रीण आहे, ऐकणाराही आहे, पण पुस्तकाची प्रत एकच. ती कपाटात कुलपात असेल, तर सांगूनही उपयोग नाही.

मग रील्स आणि यूट्यूब आहेत ना?

सोशल मीडियावर पुस्तकांची चर्चा भरपूर आहे, पण या वयाला तिथे जागा नाही. इन्स्टाग्रामवर खातं उघडायला किमान वय १३ वर्षं आहे. यूट्यूबवर 'मुलांसाठी' अशी नोंद असलेल्या व्हिडिओंवर २०२० पासून कमेंट बंद असतात. म्हणजे १० वर्षांच्या मुलीने पुस्तकाबद्दल छान व्हिडिओ केला, तरी तिच्या वयाचं मूल त्यावर 'मीपण वाचलं' असं लिहू शकत नाही. लाइक करतात ते काका-काकू.

सुरक्षेचा मुद्दाही आहेच. भारताच्या २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात १८ वर्षांखालच्या व्यक्तीला मूल मानलं आहे आणि त्यांचा डेटा वापरण्याआधी पालकांची पडताळलेली संमती मागितली आहे. मुलाचं नाव, शाळेचा गणवेश आणि चेहरा दाखवून 'छोटा समीक्षक' म्हणून रील टाकण्याआधी पालकांनी दोनदा विचार करायला हवा. शिवाय कॅमेरा समोर आला की 'पहिली वीस पानं बोअर आहेत' हे वाक्य गळतं आणि पाठ केलेलं कौतुक उरतं.

करता येण्यासारखं काय?

फार खर्चाचं काही नाही.

चिठ्ठी: वर्गातल्या किंवा सोसायटीतल्या छोट्या वाचनालयात पुस्तकाच्या मागच्या पानावर एक कागद चिकटवा. वाचणाऱ्याने दोन ओळी लिहायच्या. आवडलं नाही, तरी लिहायचं. पुढचा वाचक आधी तो कागद वाचेल.

दोन प्रती: दहा वेगवेगळी पुस्तकं आणण्याऐवजी पाच पुस्तकांच्या दोन-दोन प्रती आणा. दोघी एकाच वेळी वाचू शकल्या तर बोलणं आपोआप होतं.

प्रश्न बदला: 'यातून काय शिकलास?' हा प्रश्न टाळा. ब्रिटिश लेखक आणि माजी शिक्षक एडन चेंबर्स यांनी १९९३ च्या 'टेल मी' या पुस्तकात चार साधे प्रश्न सुचवले आहेत. काय आवडलं? काय नाही आवडलं? कुठे गोंधळ झाला? आणि कोणत्या गोष्टी पुन्हा पुन्हा येताना किंवा एकमेकींशी जुळताना दिसल्या?

फुकट वाचायला: बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक ऑनलाइन मोफत मिळतात. मुलांनीच त्यातली गोष्ट निवडून मित्राला पाठवावी.

१५ ऑक्टोबर: डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन असतो. त्या दिवशी पाहुण्यांच्या भाषणाऐवजी सहावीच्या मुलांनी चौथीच्या वर्गात जाऊन एकेक पुस्तक सुचवलं तर? प्रत्येकी दोन मिनिटं पुरतात. पुस्तक मात्र सोबत न्यायचं आणि तिथेच ठेवून यायचं.

रेनर अन्विन पुढे वडिलांच्याच प्रकाशन संस्थेत कामाला लागले. टॉल्किन यांचं पुढचं पुस्तक अवाढव्य होतं आणि त्यात पैसे बुडतील अशी भीती होती. तरीही ते छापायलाच हवं, असा आग्रह रेनर यांनी धरला. १९५४ आणि १९५५ मध्ये ते तीन खंडांत आलं. नाव होतं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'.

दहाव्या वर्षी कोणीतरी त्यांना विचारलं होतं, तुला कसं वाटलं? आणि ते जे म्हणाले त्यावर विश्वास ठेवला होता.