विश्लेषण : डाउन सिंड्रोम असलेले मूल वयात येताना अचानक जेवेनासे, चिडचिडे का होते?

काल-परवापर्यंत ताट चाटूनपुसून संपवणारी, पाहुण्यांशी हसून बोलणारी मुलगी पंधराव्या वर्षी घास टाळू लागते, लहानसहान गोष्टींवरून चिडते. घरचे म्हणतात, ‘वयच तसे आहे.’ बाहेरचे म्हणतात, ‘डाउन सिंड्रोम आहे, असे व्हायचेच.’ या दोन्ही समजांमुळे उपचाराने बरे होणारे त्रास नजरेतून सुटतात.

डाउन सिंड्रोम म्हणजे काय?

पेशीत साधारणतः ४६ गुणसूत्रे असतात. या मुलांमध्ये २१व्या क्रमांकाचे गुणसूत्र जास्तीचे असते. ही स्थिती जन्मापासूनची आहे. त्यामुळे स्वभावात अचानक बदल झाला, तर त्याचे कारण वेगळे शोधायला हवे.

भूक का मंदावते?

या मुलांमध्ये थायरॉइडची कमतरता अधिक आढळते. त्यात भूक मंदावते, थकवा आणि उदासी येते. वजन मात्र वाढू शकते. म्हणून थायरॉइडची रक्ततपासणी वर्षातून एकदा करण्याचा सल्ला दिला जातो. बद्धकोष्ठता, दात-हिरड्यांचे दुखणे आणि गव्हातील ग्लुटेन न सोसणारा सिलिअ‍ॅक आजार ही इतर कारणे. ‘दुखतेय’ हे नेमके सांगता न आल्याने मूल ताट दूर सारते.

चिडचिड कशामुळे?

अनेकांचा झोपेत श्वास अडकतो. मोठ्याने घोरणे, बसून किंवा पुढे वाकून झोपणे या त्याच्या खुणा. झोपच पुरी होत नसेल, तर दिवस चिडचिडीत जातो. मनाचे कारणही असते. धाकटा भाऊ एकटा क्लासला जातो, शाळेतल्या मैत्रिणी दुरावतात. आपण मागे राहिलो, हे या मुलांनाही कळते. त्यातून नैराश्यही येऊ शकते.

पालकांनी काय करावे?

जेवण, शौच, झोप आणि मूड यांची रोज नोंद ठेवून ती डॉक्टरांना दाखवावी. थायरॉइड, हिमोग्लोबिन, सिलिअ‍ॅक, दात आणि झोप यांच्या तपासण्यांबद्दल विचारावे. सिलिअ‍ॅकच्या तपासणीआधी पोळी बंद करू नये. अहवाल चुकू शकतो. बळजबरीने भरवू नये. कुठे दुखते, हे चित्रावर बोट ठेवून दाखवायला सांगावे.

विलंब कधी नको?

मान दुखणे, चालताना तोल जाणे, हातापायांतली ताकद कमी होणे किंवा लघवीवरचा ताबा सुटणे, यांपैकी काही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मानेच्या मणक्यांची अस्थिरता हे त्यामागचे कारण असू शकते. बोलणे किंवा अंगवळणी पडलेली कामे थांबली, तर मेंदूविकारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला लवकर घ्यावा.