खाली गेलेला संघ आणि नकोसा कोच

आपल्या कुरवंड्यात क्रिकेट आणि कबड्डी सगळ्यांना कळते. फुटबॉलमध्ये मात्र गोल झाला की टाळ्या वाजवायच्या एवढेच ठाऊक. गणपतीत माझा मामा मुंबईहून आला, तेव्हा ओसरीवर त्याचे आणि काकांचे फुटबॉलवरून चांगलेच वाजले. त्यात 'रेलिगेशन' हा शब्द दहा वेळा आला. त्याची माहिती मी इथे देत आहे.

आपल्या शाळेत नापास झालेला मुलगा फार तर त्याच वर्गात राहतो. फुटबॉलच्या लीगमध्ये मात्र शेवटचा नंबर आला की संघाला खालच्या वर्गात पाठवतात! यालाच रेलिगेशन म्हणतात. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये 20 संघ असतात. त्यातले शेवटचे 3 दरवर्षी खाली जातात आणि खालून 3 वर येतात.

आपल्या देशात आय-लीग स्पर्धेतही हा नियम होता. 2016-17 साली तिच्यात 10 संघ होते. प्रत्येकाने बाकीच्या 9 संघांशी दोनदा खेळायचे, म्हणजे 18 सामने. जिंकले तर 3 गुण, बरोबरी झाली तर 1, हरले तर भोपळा. तीन बरोबऱ्या केल्या तेव्हा कुठे एका विजयाएवढे गुण होतात. सगळे भांडण या हिशेबातच आहे.

मुंबई एफसी हा संघ 2007 साली निघाला. तो मुंबईच्या कुपरेज मैदानावर खेळे. 2009 ते 2016 अशी सात वर्षे खालिद जमील हे त्याचे प्रशिक्षक होते. त्यांची रीत अशी की आधी आपल्यावर गोल होऊ द्यायचा नाही, मग जमला तर आपण करायचा. मामा म्हणतो, "तिकीट काढून आम्ही बघायचं काय? सगळे आपल्याच गोलापाशी उभे!" मामाच्या मित्रांना तर हा कोच नकोच होता.

काका म्हणाले, "पाहुणं, त्या सात वर्षांत संघ खाली गेला का एकदा तरी?"

नाही गेला. 2016 साली जमील गेले आणि पुढच्याच हंगामात मुंबई एफसीचा नंबर दहावा आला. मधेच पुन्हा कोच बदलला, तरी संघ खाली गेलाच. खालच्या श्रेणीत प्रेक्षक थोडे, जाहिराती थोड्या. खेळाडूंचे पगार आणि प्रवासाचा खर्च मात्र सुटत नाही. मुंबई एफसी क्लबच बंद पडला. आपल्या भाषेत सांगायचे तर खालच्या वर्गात बसवलेला मुलगा पुन्हा शाळेतच आला नाही.

आता खरी गंमत ऐका. जमील मिझोरामच्या ऐझॉल एफसीकडे गेले. हा संघ 2015-16 साली स्वतःच रेलिगेट झालेला! पण गोव्याच्या धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या संघांनी फुटबॉल महासंघाच्या नव्या योजनेला विरोध म्हणून आय-लीग सोडली. जागा रिकाम्या झाल्या आणि ऐझॉलला परत घेतले. त्याच ऐझॉलने 2016-17 ची आय-लीग जिंकली. 30 एप्रिल 2017 रोजी शिलाँगला शेवटचा सामना 1-1 असा बरोबरीत सुटला आणि एका गुणाने मोहन बागान मागे राहिले. 18 पैकी 11 विजय, 4 बरोबऱ्या, 3 पराभव, एकूण 37 गुण. बेरीज करून पाहा, बरोबर येते.

हे ऐकून मामा गप्प बसेल असे मला वाटले होते. तो उलट चिडला. "तिकडं 11 सामने जिंकता येतात, मग इकडं का नाही खेळवलं तसं?" काका म्हणाले, "तसे खेळाडू दिले होते का?" माझे मत काकांकडे आहे. पण मामाचाही राग मला कळतो. दर सामन्याला भाडे खर्चून जाणारा माणूस गोल बघायलाच जातो. नुसते खाली न जाणे बघायला कोण जाईल?

पुढे, ऑगस्ट 2025 मध्ये, खालिद जमील यांना भारताच्या संघाचे प्रशिक्षक नेमले. ऐझॉल एफसीच्या नावावर विजेतेपद लागले ते लागले. मुंबई एफसी मात्र वरच्याही श्रेणीत नाही आणि खालच्याही नाही.