फिरत्या त्रिकोणाचा धडा : वेग मिळतो, टिकवावा लागतो

सायकल मारताना आपला पाय खाली जातो, वर येतो आणि त्या खालीवर होण्यातून चाक गोल फिरते. आपल्या मोटारसायकलीचे, ट्रॅक्टरचे आणि विहिरीवरच्या डिझेल पंपाचे इंजिन याच तत्त्वावर चालते. पिस्टन वर जातो, क्षणभर थबकतो, उलटा फिरून खाली येतो, पुन्हा थबकतो. मिनिटाला हजारो वेळा ही धावपळ आणि ही थांबाथांब चाललेली असते. शेवटी आपल्याला हवी असते ती गोल गती. मग पहिल्यापासूनच गोल का फिरवू नये? आपल्या आजीच्या जात्याला तर ही अडचण कधीच नव्हती!

हाच प्रश्न जर्मनीतील फेलिक्स वांकेल या माणसाला पडला. १९०२ साली लाहर या गावी जन्मलेल्या वांकेलने १९५१ पासून एनएसयू या कंपनीबरोबर काम केले आणि १९५७ साली त्याचे पहिले फिरते इंजिन प्रत्यक्ष चालले. आज मोटार शर्यतीच्या जगात या इंजिनाला टर्बो जोडून ते दुसऱ्याच गाडीत बसवण्याचा ध्यास घेतलेले कारागीर जपान, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड येथे आहेत. त्यांच्यातील बहुतेकांचे इंजिन एकदा तरी फुटलेले असते. ते का फुटते आणि न फुटणारे इंजिन कसे बांधतात, हे समजून घेण्यासारखे आहे. आपल्या भागातील अनेक घरांतली मुले उद्यमबागेतील फौंड्रीत, लेथवर नाहीतर गॅरेजमध्ये उभी आहेत. त्यांच्यासाठी तर हा विषय घरचाच होय.

जाते, शेंग आणि त्रिकोण

या इंजिनात पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही. भुईमुगाची दोन दाण्यांची शेंग कमरेत जशी किंचित आवळलेली असते, तशा आकाराची एक पोकळी असते. तिच्यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो. हाच रोटर. तो नुसता गरगर फिरत नाही, मधल्या दांड्यावरील तिरक्या गोळ्याभोवती झोके घेत फिरतो. त्यामुळे त्रिकोणाच्या प्रत्येक बाजूची जागा कधी मोठी होते, कधी लहान. जागा मोठी होताना हवा व पेट्रोल आत येते, लहान होताना ते दाबले जाते, ठिणगी पडते, जळणारा वायू त्रिकोणाला ढकलतो आणि शेवटी धूर बाहेर जातो. तिन्ही बाजूंना हे काम आळीपाळीने चालूच असते. रोटर एकदा फिरतो तेव्हा मधला दांडा तीनदा फिरतो.

माझदा कंपनीच्या १३बी या प्रसिद्ध इंजिनात असे दोन रोटर आहेत. प्रत्येकाची क्षमता ६५४ घनसेंटिमीटर, म्हणजे एकूण १३०८. एवढेसे इंजिन, पण १९९१ साली आरएक्स-७ या गाडीत दोन टर्बोंसह ते २५५ अश्वशक्ती देत होते. कंप अगदी थोडा आणि आकार इतका आटोपशीर की लहान गाडीच्या बॉनेटखाली सहज मावावे.

सैतानाची नखे

एवढे सगळे चांगले असताना जगाने हे इंजिन उचलून का धरले नाही? त्याचे उत्तर त्रिकोणाच्या तीन टोकांत आहे. प्रत्येक टोकावर धातूची एक पातळ पट्टी असते. कारागीर तिला ॲपेक्स सील म्हणतात. पिस्टनला जशा रिंगा, तशी ही पट्टी. ती पोकळीच्या भिंतीला सतत घासत असते आणि एका खोलीतला वायू दुसऱ्या खोलीत जाऊ देत नाही. ती झिजली की दाब गेला. ती मोडली की इंजिनच गेले.

एनएसयू कंपनीने १९६७ साली आरओ ८० ही देखणी गाडी काढली. तिला १९६८ सालची युरोपातील सर्वोत्तम गाडी हा मान मिळाला. परंतु पट्ट्या लवकर झिजू लागल्या आणि हमीपोटी इंजिनेच्या इंजिने बदलून द्यावी लागली. या गाड्यांचे मालक रस्त्यात समोरासमोर आले की आतापर्यंत किती इंजिने बदलली ते बोटांनी दाखवत, असे सांगतात. कंपनीचे कंबरडे मोडले आणि १९६९ साली ती फोक्सवॅगनच्या पंखाखाली गेली.

जपानमध्ये हिरोशिमाच्या तोयो कोग्यो या कंपनीने १९६१ साली या इंजिनाचा परवाना घेतला होता. हीच पुढची माझदा. ‘स्वराज माझदा’ मालट्रकमुळे हे नाव आपल्या रस्त्यांवरही ओळखीचे झाले. १९४५ साली अणुबाँबने होरपळलेल्या त्या शहरात केनिची यामामोटो यांच्या हाताखाली ४७ अभियंते या कामाला लागले. त्यांच्यापुढेही तीच अडचण आली. काही तास चालवलेले इंजिन उघडावे, तर आतल्या भिंतीवर आडवे ओरखडे! त्या ओरखड्यांना ते सैतानाच्या नखांच्या खुणा म्हणत. पट्टी भिंतीवरून सरकताना थरथरते आणि त्या थरथरीने भिंत खरवडली जाते, हे कारण त्यांनी शोधून काढले. प्रथम पट्टीला आतून भोके पाडून तिची थरथर बदलली, पुढे कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवलेली पट्टी बनवली. मे १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही गाडी विक्रीस आली. दुसऱ्याच वर्षी जर्मनीत ८४ तासांच्या अखंड शर्यतीत ती चौथी आली.

या चिकाटीचे सर्वांत मोठे फळ जून १९९१ मध्ये फ्रान्समधील ल मान्स येथे मिळाले. २४ तासांच्या त्या शर्यतीत माझदा ७८७बी ही ५५ क्रमांकाची गाडी ३६२ फेऱ्या मारून पहिली आली. वाइडलर, हर्बर्ट आणि गाशो हे तिचे चालक. आघाडीवरची मर्सिडीज शेवटच्या काही तासांत इंजिन तापून बाद झाली आणि चार रोटरचे हे इंजिन चालतच राहिले. शेवटची पाळी चालवणारा हर्बर्ट इतका थकला होता की त्याला विजयाच्या चौथऱ्यावरही उभे राहता आले नाही. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या विजयी इंजिनाला टर्बो नव्हता.

टर्बो म्हणजे दुधारी शस्त्र

टर्बो म्हणजे काय? धुराच्या जोराने फिरणारे एक चक्र आणि त्याच दांड्यावर हवा दाबणारे दुसरे चक्र. फुकट जाणाऱ्या जोरावर जास्त हवा आत कोंबायची, तिच्या प्रमाणात जास्त पेट्रोल द्यायचे आणि जास्त शक्ती मिळवायची. फिरत्या इंजिनाचा धूर अतिशय उष्ण असतो आणि झटक्याने बाहेर पडतो. त्यामुळे टर्बो त्याच्याशी उत्तम जुळतो. परंतु हीच उष्णता त्याचा काळ ठरते.

दाब आणि उष्णता मर्यादेबाहेर गेली की आतले मिश्रण व्यवस्थित जळत न जाता एकदम भडकते. गॅरेजमध्ये आपण म्हणतो, इंजिन नॉक मारते. साधे पिस्टनचे इंजिन असे काही फटके सहन करते, चालकाला आवाजाने सावध करते. फिरत्या इंजिनात एखाददुसरा फटकाही पुरतो. पट्टी मोडते, तिचा तुकडा धुराबरोबर बाहेर उडतो आणि टर्बोच्या पात्यांवर आदळतो. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच इंजिन आणि टर्बो दोन्ही गेले! वर्षभर पै पै साठवून उभी केलेली गाडी दोरीने ओढत घरी न्यावी लागते.

आधी गारवा, मग वेग

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. परदेशात हे इंजिन ज्या गाड्यांत बसवतात, त्यांपैकी माझदाचीच मियाता ही उघडी छोटी गाडी फार आवडती आहे. वजन साधारण एक टन, चालना मागच्या चाकांना, मूळचे १.६ लिटरचे इंजिन सुमारे ११५ अश्वशक्तीचे. त्या जागी १३बी बसवले की शक्ती दुपटीहून अधिक होते. तेव्हा गिअरबॉक्स, मागचा डिफरन्शिअल, ब्रेक, इंजिनाचे माउंटिंग, प्रॉपेलर शाफ्टची लांबी हे सारे त्या हिशेबाने बदलावे लागते. पळणे वाढवले तर थांबणेही वाढवले पाहिजे.

परंतु जाणता कारागीर सुरुवात करतो ती कंप्रेशन तपासण्यापासून. रोटरच्या तिन्ही बाजूंचा दाब वेगवेगळा मोजावा लागतो आणि तो जवळपास सारखा असावा लागतो. जुने इंजिन ‘चालू आहे’ म्हणून विकत घेऊन तसेच बसवणे म्हणजे पायाकडे न पाहता माडी चढवणे होय.

दुसरी बाब थंडाव्याची. या इंजिनात बिडाच्या प्लेटा आणि ॲल्युमिनियमची घरे एकाआड एक रचून लांब बोल्टांनी आवळलेली असतात. फौंड्रीतल्या माणसाला सांगायला नको की हे दोन धातू उष्णतेने सारखे प्रसरण पावत नाहीत. इंजिन एकदा फार तापले की मधली रबरी सीले दगा देतात आणि पाणी आत झिरपते. म्हणून मोठा रेडिएटर तर हवाच, पण समोरून आलेली हवा बाजूने निसटून न जाता त्याच्या आरपारच गेली पाहिजे, अशी पत्र्याची बंदिस्त वाट करावी लागते. शिवाय या इंजिनाच्या उष्णतेचा मोठा वाटा तेल वाहून नेते. त्यामुळे तेलाला वेगळे, शक्यतो दोन कूलर लागतात.

तिसरी बाब तेलाची. ॲपेक्स सीलला आतून वंगण मिळावे म्हणून हे इंजिन मुळातच थोडे तेल जाळते. शर्यतीचे कारागीर त्या पंपावर विसंबत नाहीत. जुन्या स्कूटरला घालत असू तसे टू-स्ट्रोकचे तेल ते पेट्रोलमध्ये मिसळतात, शंभर ते दोनशे भागांस एक भाग. खालची तेलाची टाकी उथळ असते. लांब वळणावर तेल एका कडेला जाते आणि पंप हवा ओढतो. म्हणून टाकीत आडव्या पट्ट्या बसवतात.

पेट्रोलचेही तसेच. वळणावर अर्धा सेकंद पंपाला पेट्रोल मिळाले नाही की मिश्रण पातळ होते आणि पातळ मिश्रण म्हणजे नॉक. यावर उपाय म्हणून मुख्य टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये सदैव भरलेली छोटी टाकी बसवतात. एक भाग पेट्रोल पुरते जाळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते. पण टर्बो दाबत असताना हे कारागीर ११ भागांच्या आसपासच राहतात. जास्तीचे पेट्रोल जळत नाही, ते आतला भाग थंड ठेवते.

शेवटची बाब टर्बोची आणि मोजमापाची. मूळ गाडीतील दोन टर्बोंची रचना हवेच्या असंख्य नळ्यांवर चालते. एक नळी सुटली की घोटाळा. म्हणून शर्यतीसाठी बहुतेक जण एकच टर्बो लावतात. त्याच्यासोबत जादा धूर सोडणारी झडप मोठी असावी लागते. ती लहान पडली तर दाब ठरवलेल्या आकड्यावर न थांबता चढतच जातो. पाण्याचे तापमान, तेलाचा दाब, मिश्रण यांपैकी काहीही बिघडले की चालकाच्या आधी संगणकानेच दाब कमी करावा, अशी व्यवस्था करतात. तापलेल्या टर्बोवर तेल वा पेट्रोल सांडले तर आग लागते. म्हणून नळ्यांना आच्छादन आणि हाताशी अग्निशामक नळकांडे हवेच. इंजिन गेले तर दुसरे मिळते, चालवणारा पोरगा दुसरा मिळत नाही.

‘आणखी थोडे’ला नकार

येथे आपल्या तरुणांना एक सूचना. हे सारे बंदिस्त शर्यतीच्या मार्गावरचे काम आहे. आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी झालेल्या गाडीत मन मानेल तसे बदल करता येत नाहीत. बेळगाव-खानापूर रस्ता म्हणजे ल मान्स नव्हे. शाळा सुटून घरी निघालेली मुले याच रस्त्याच्या कडेने चालत असतात.

वाचकहो, वरील उपाय पुन्हा एकदा पाहा. त्यांतला एकही शक्ती वाढवणारा नाही! गारवा, तेल, पेट्रोल, मोजमाप, सगळे आहे ती शक्ती टिकवण्यासाठी. कुठल्याही गॅरेजमध्ये मालक येतो आणि म्हणतो, ‘मिस्त्री, अजून थोडा दाब वाढवा की!’ हे इंजिन ज्याच्या हातून टिकते तो मिस्त्री त्या वेळी ‘नाही’ म्हणतो. तीनशे अश्वशक्तीचे इंजिन शर्यत पुरी करते. तेच पाचशेवर ताणून पहिल्याच फेरीत मोडले, तर त्या पाचशेचा उपयोग काय?

अति तेथे माती हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. हिरोशिमाच्या त्या ४७ जणांनी आधी ओरखडे मोजले, त्यांचे कारण शोधले आणि मगच गाडी रस्त्यावर आणली. आरएक्स-७ चे उत्पादन २००२ मध्ये थांबले, आरएक्स-८ चे २०१२ मध्ये. जग म्हणाले, संपले हे इंजिन. २०२३ साली माझदाने एकाच रोटरचे नवे इंजिन काढले. ते चाके फिरवत नाही, विजेच्या गाडीत बसून फक्त वीज तयार करते. तो त्रिकोण अजून फिरतो आहे. आपल्या लेथवर उभ्या असलेल्या मुलानेही हातातल्या कामावर असा ओरखडा दिसला, तर तो लपवू नये. तो कशाने पडला, हे आधी शोधावे.